अडचणींची रास आणि मनाची उभारी

जून महिना आला की माझ्या दवाखान्यात एका विशिष्ट प्रकारचे रुग्ण वाढतात. तापाचे नव्हेत, ते थोडे नंतर, जुलै-ऑगस्टात येतात. हे रुग्ण येतात ते डोके जड झाले आहे, छातीत धडधडते, घशाशी आंबट येते, मान आखडली आहे, रात्री दोनला जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही, अशा तक्रारी घेऊन. तपासले तर रक्तदाब थोडासा वाढलेला असतो, बाकी काही सापडत नाही. मग खुर्ची जरा पुढे ओढून 'घरी काय चालले आहे?' असे विचारले की एकेक गोष्ट बाहेर पडू लागते. मुलांच्या वह्या-पुस्तकांचा आणि फीचा खर्च एकाच आठवड्यात आला. बियाणे, खते घ्यायची आहेत आणि पीककर्जाचे नवे-जुने अजून झालेले नाही. घराचे पत्रे गळतात. सासूबाईंचे गुडघे धरले आहेत. दाखल्यासाठी खेपा चालू आहेत. यांतले एकही संकट असे नाही की ज्यासाठी चार माणसे धावून यावीत. पण रुग्ण मात्र पार खचलेला असतो.

या सदराच्या एका वाचक भगिनींनी मध्यंतरी पत्रातून हाच प्रश्न विचारला होता. त्यांचे म्हणणे असे की, यजमानांच्या मोठ्या आजारपणात त्या खंबीरपणे उभ्या राहिल्या, डोळ्यांतून टिपूस काढले नाही; आणि आता यजमान बरे असताना दूध नासले किंवा गॅस संपला तरी रडू येते. 'मी इतकी कमकुवत कशी झाले?' असे त्यांनी लिहिले आहे. त्यांना पहिले उत्तर हे की, तुम्ही कमकुवत झालेल्या नाही. हे असेच होते, आणि ते का होते याचा बराच अभ्यास झालेला आहे.

अमेरिकेतील थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन डॉक्टरांनी १९६७ साली आयुष्यातील ४३ घटनांची यादी करून प्रत्येकीला गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १०० गुण, घटस्फोट ७३, आणि गंमत म्हणजे लग्नालाही ५०! अशा गुणांची बेरीज जितकी मोठी तितकी आजारी पडण्याची शक्यता अधिक, अशी त्यांची मांडणी होती. पुढे रिचर्ड लॅझरस या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वेगळाच विचार केला. त्यांनी मध्यमवयीन १०० जणांना दर महिन्याला, असे दहा महिने, त्यांच्या रोजच्या बारीकसारीक कटकटी विचारल्या. वस्तू सापडत नाही, वजन वाढते आहे, महागाई, घराची दुरुस्ती, असल्या. १९८१ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. माणसाची मानसिक लक्षणे किती असतील याचा अंदाज मोठ्या घटनांपेक्षा या किरकोळ कटकटींवरून अधिक चांगला येत होता.

मला यात फारसे आश्चर्य वाटत नाही. आपल्याकडे घरात मृत्यू झाला की शेजारीपाजारी पिठले-भाकरी घेऊन येतात. भाऊबंद रात्रभर बसतात, ऑफिसात रजा मिळते, देणेकरीसुद्धा महिनाभर दार वाजवत नाही. मोठ्या दुःखाला समाजाने जागा करून दिलेली आहे. परंतु मोटर जळली, पत्रा गळाला, मुलगा गणितात नापास झाला आणि दाढ ठणकते आहे, हे सगळे एकाच आठवड्यात झाले तर पिठले घेऊन कोणी येत नाही. उलट 'अहो, हे सगळ्यांनाच असते' असे ऐकायला मिळते. ते खरेही असते, म्हणून तर माणसाला आपल्या त्रासाची लाज वाटू लागते.

शरीरात काय घडते तेही थोडे समजून घेऊ. रस्त्याने जाताना उधळलेला बैल अंगावर आला तर आपण क्षणात बाजूला उडी मारतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी आहेत. त्यांतून अ‍ॅड्रिनलीन हा स्राव रक्तात येतो, हृदय जोरात चालते, श्वास वाढतो, स्नायू ताठ होतात, यकृतातील साखर रक्तात येते आणि पचनाचे काम तात्पुरते मागे पडते. लढा किंवा पळा, अशी ही तयारी. वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिचे वर्णन केले. पाठोपाठ कॉर्टिसॉल नावाचा दुसरा स्राव ही तयारी टिकवून धरतो. बैल निघून गेला की अर्ध्या-पाऊण तासात सगळे पूर्ववत होते. कॅनडात काम करणाऱ्या हान्स सेल्ये यांनी १९३६ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की त्रास कोणत्याही प्रकारचा असो, तो लांबला की शरीराचा प्रतिसाद बराचसा सारखाच असतो. ग्रंथी सुजतात, जठराला जखमा होतात. (माणसाच्या जठरव्रणाचे मुख्य कारण एक जंतू आणि वेदनाशामक गोळ्या हे आहे, हे पुढे कळले, म्हणून केवळ काळजीने अल्सर होतो असे कोणी समजू नये.)

आता अडचण अशी की हप्ता, फी, दाखला, गळका पत्रा यांच्यापासून उडी मारून बाजूला होता येत नाही. बैल गल्लीच्या तोंडाशी महिनोन्महिने उभाच असतो. म्हणून मान ताठ ती ताठच राहते, आम्लपित्त होते, मधुमेह असलेल्याची साखर पथ्य पाळूनही वर जाते, आणि पहाटेपूर्वीच डोळे उघडतात. माझ्याकडे येणारा रुग्ण जेव्हा म्हणतो, 'डॉक्टर, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग मला होते ते खोटे का?' तेव्हा मी त्याला सांगतो की त्रास शंभर टक्के खरा आहे, फक्त तो रिपोर्टात दिसणारा नाही.

डोक्याचेही तसेच आहे. 'टेन्शनमुळे डोके चालत नाही' हे वाक्य आपण सहज म्हणतो. तमिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची एक पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. ऊस तुटण्यापूर्वी हातात पैसा नसताना आणि ऊस जाऊन पैसे आल्यावर, अशी दोनदा त्याच शेतकऱ्यांची बुद्धीची आणि एकाग्रतेची चाचणी घेतली गेली. माणूस तोच, शिक्षण तेवढेच. परंतु ओढाताणीच्या दिवसांत त्यांचे गुण कमी पडले आणि पैसे आल्यावर वाढले. काळजीने डोक्यातली जागा अडवलेली असते, बाकी कामांना उरलेली जागा पुरत नाही. अशा दिवसांत आमटीत मीठ दोनदा पडते, गाडीची किल्ली कुलपातच राहते, मुलाच्या पाठीत विनाकारण धपाटा बसतो. आणि मग त्या चुकांची नवी रास जुन्या राशीवर चढते.

आता यावर काय करायचे? उपदेश द्यायला सगळे तयार असतात. सकाळी मोबाइल उघडला की गुलाबाच्या फुलाखाली सुविचार येतो, 'नेहमी सकारात्मक राहा'. ताप आलेल्याला 'ताप येऊ देऊ नका' म्हणावे, त्यातलाच हा प्रकार. मी सुविचारांच्या विरुद्ध नाही, पण त्यांचा डोस किती आणि कोणाला, हे ठरलेले नसते. माझा अनुभव असा की उभारी आधी येते आणि मग माणूस कामाला लागतो, असे फार थोड्यांच्या बाबतीत होते. बहुतेकांच्या बाबतीत क्रम उलटा असतो. एखादे लहानसे काम हातावेगळे होते, आणि त्यानंतर थोडी उभारी येते.

याचे एक उदाहरण सविस्तर सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

पंचेचाळिशीचे एक गृहस्थ, पिठाची गिरणी चालवतात. छातीत धडधड, झोप नाही, हाताला घाम. ई.सी.जी. काढला, तो व्यवस्थित होता. रक्तदाब १४६/९२. 'काय काय चालले आहे?' असे विचारल्यावर त्यांनी हात हलवून 'काय नाही ते विचारा' एवढेच सांगितले. मी औषध कंपनीच्या जाहिरातीचा एक कागद उलटा करून त्यांच्यापुढे ठेवला, पेन दिले आणि म्हटले, 'बाहेर बाकावर बसा आणि जे जे डोक्यात आहे ते सगळे लिहा. एका ओळीत एकच. मी तोवर दुसरे दोन पेशंट बघतो.'

वीस मिनिटांनी कागद आला. गिरणीची मोटर जळून रिवाइंडिंगला गेली होती. वीजबिल थकले होते. मुलीला डिप्लोमाला प्रवेश मिळत होता, त्याची फी. आणि तिच्या जात वैधता प्रमाणपत्राचे कागद. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. धाकटा दहावीत, गणित कच्चे. स्वयंपाकघराचे पत्रे गळत होते. मेहुण्याच्या घरी लग्न, आहेराचा प्रश्न. गटाराच्या पाण्यावरून शेजाऱ्याशी बोलाचाली. पतसंस्थेचा हप्ता. स्वतःची दाढ. आणि समोरच्या आळीत दुसरी गिरणी निघणार, ही बातमी. ओळी मोजल्या तर बारा भरल्या. ते कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, 'एवढंच? मला वाटलं, पन्नासएक असतील.'

हे मी अनेकदा पाहिले आहे. डोक्यात अडचणी मोजता येत नाहीत. एक संपली की दुसरी, दुसरी संपली की पुन्हा पहिली, अशा त्या फिरत राहतात आणि बाराच्या पन्नास वाटतात. कागदावर आल्या की त्या जागच्या जागी बसतात. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा प्रयोगात ५७ तरुणांना झोपण्यापूर्वी पाच मिनिटे लिहायला सांगितले होते. काहींनी पुढे करायच्या कामांची यादी केली, काहींनी आधीच झालेल्या कामांची. पुढच्या कामांची यादी करणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटे आधी झोप लागली. झोपेच्या गोळीच्या तुलनेत हे स्वस्त औषध आहे.

मग आम्ही दोघांनी मिळून त्या बारा ओळी पाहिल्या. दाढेसमोर मी 'आज' असे लिहिले. दाताचे डॉक्टर समोरच बसतात, जाताना तिकडूनच जा. (रात्री दोनला जाग यायची ती निम्मी काळजीने आणि निम्मी त्या दाढेच्या ठणक्याने, हे नंतर उघड झाले. आपण सगळे खापर मनावर फोडतो, तेव्हा शरीराकडे बघायचे राहून जाते.) आईच्या डोळ्यासाठी त्यांनी खासगी रुग्णालयाचा आकडा मनात धरला होता आणि त्या आकड्यानेच ते दबले होते. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते. मी चिठ्ठी लिहून दिली. पत्र्यांवर आता ताडपत्री, खरी दुरुस्ती दिवाळीनंतर. म्हणजे दिवाळीपर्यंत त्या पत्र्याचा विचार करायचा नाही, कारण त्याची तारीख ठरली. प्रमाणपत्राच्या कागदांसाठी मुलीनेच धावपळ करावी. ती अठरा वर्षांची आहे, तिला जमते, उलट तिला ते आवडेलही. आहेर किती करायचा हे नवरा-बायकोने आज रात्री ठरवून टाकावे आणि त्यावर पुन्हा बोलू नये. नवी गिरणी निघणार हे अजून ऐकीव. निघेल तेव्हा पाहू. शेजाऱ्याच्या गटाराला मात्र माझ्याकडे उपाय नव्हता, त्यांच्याकडेही नव्हता. त्यापुढे आम्ही प्रामाणिकपणे 'आहे तसे' असे लिहिले. सगळ्याच ओळींना उत्तर सापडते असे नाही.

ते उठले, दारापर्यंत गेले आणि परत वळले. दार लोटून घेतले. तेरावी ओळ त्यांनी लिहिलीच नव्हती. ४० हजार रुपये, एका खासगी सावकाराकडून, शेकडा पाचने. म्हणजे महिन्याला दोन हजार नुसते व्याज. बायकोला माहीत नव्हते. हीच ती ओळ, जिच्यामुळे बाकीच्या बारा जड झाल्या होत्या.

इथे डॉक्टरने काय करावे? मी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, परवान्याशिवाय सावकारी करणे हा महाराष्ट्रात सावकारी नियमन अधिनियम, २०१४ नुसार गुन्हा आहे आणि त्याची तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते. तशी वेळ आली तर मार्ग आहे, एवढे ध्यानात ठेवावे. दुसरी, हे आज घरी सांगा. दुसरी गोष्ट त्यांना पहिलीपेक्षा कठीण वाटली. पुढची हकीकत त्यांनीच नंतर सांगितली. बायको चिडली, दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने बचत गटातून शेकडा दोनने कर्ज उचलले आणि सावकाराचे पूर्ण फेडले. व्याज दोन हजारांवरून आठशेवर आले. महिन्याला बाराशे वाचले, त्यात वीजबिलाचे हप्ते निघाले. तीन आठवड्यांनी ते कागद खिशात घालूनच तपासणीला आले. बारातल्या पाच ओळी खोडलेल्या, दोन नव्या वाढलेल्या. रक्तदाब १३४/८६. अडचणी संपल्या नव्हत्या. पण झोप पाच तासांवर आली होती, आणि आवाजही चढलेला नव्हता.

आता 'सकारात्मक विचार' या शब्दाकडे येतो, कारण त्याचा फार गैरसमज आहे. डोळे मिटून 'सर्व छान होणार' असे चित्र रंगवणे म्हणजे सकारात्मक विचार नव्हे. गॅब्रिएल ओटिंगेन या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी वजन कमी करणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध केला. 'आपल्याला जमेल' अशी अपेक्षा ठेवणाऱ्यांचे वजन जास्त उतरले. पण बारीक झाल्याची गोड स्वप्ने रंगवणाऱ्यांचे कमी उतरले. अपेक्षा माणसाला हात-पाय हलवायला लावते. स्वप्नातच काम झाल्यासारखे वाटले, तर ते हलत नाहीत. म्हणून स्वतःला 'सगळे ठीक होईल' असे सांगण्यापेक्षा 'उद्या अकरा वाजता मी अमुक ठिकाणी जाईन' असे सांगणे मला अधिक सकारात्मक वाटते.

शब्दांकडेही लक्ष द्यावे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ साली जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, आणि जिचा प्रसार आपल्याकडे कि. मो. फडके यांनी केला, तिचा गाभा असा की प्रसंग आणि आपली भावना यांच्या मध्ये आपलेच एक वाक्य उभे असते. 'फी वेळेवर भरली जावी' ही इच्छा झाली. 'ती वेळेवर भरली गेलीच पाहिजे, नाहीतर मी बाप म्हणून नालायक' हा हट्ट झाला. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटते. हट्ट पुरा झाला नाही तर माणूस कोसळतो. माझ्या रुग्णांना मी याहून सोपी युक्ती सांगतो. 'सगळे', 'नेहमी', 'कधीच' हे तीन शब्द तोंडात आले की थांबा. 'माझे सगळेच बिघडले' असे म्हणू नका, 'मोटर जळली' असे म्हणा. जळलेल्या मोटरला दुरुस्त करणारा माणूस आहे. 'सगळे' दुरुस्त करणारा कोणी नाही.

काळजी करूच नका, असेही मी सांगत नाही. ते कोणाला जमत नाही. मात्र तिला वेळ नेमून देता येते. बोर्कोव्हेक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली ही पद्धत तपासली. रोज ठरावीक वेळी, ठरावीक जागी अर्धा तास काळजी करायची. इतर वेळी विचार आला तर 'संध्याकाळी बघू' म्हणून पुढे ढकलायचा. ऐकायला हसू येते. परंतु महिनाभर केलेल्यांच्या काळज्या खरोखर कमी झाल्या. दिवेलागणीनंतर आणि जेवणापूर्वीची वेळ यासाठी बरी. अंथरुणात मात्र मुळीच नको.

घरातल्या बायकांविषयी वेगळे लिहिणे भाग आहे, कारण वरची यादीची युक्ती त्यांच्या बाबतीत अनेकदा अपुरी पडते. गिरणीवाल्यांच्या यादीतल्या ओळी खोडता येत होत्या. सकाळचा डबा, पाणी भरणे, सासूबाईंच्या गोळ्या, धुणे, रात्रीची भांडी या ओळी आज खोडल्या तरी उद्या पुन्हा उगवतात. केंद्र सरकारने २०१९ साली केलेल्या वेळेच्या पाहणीत, घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो असे दिसले. असे काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. आणि पुष्कळ पुरुष ते करतच नाहीत, ते या सरासरीत धरलेले नाहीत. तेव्हा घरातल्या बाईला 'तू जरा सकारात्मक राहा' असे सांगण्याआधी रात्रीची भांडी कोण घासणार हे ठरवावे. पत्र लिहिणाऱ्या भगिनींना माझे सांगणे असे की यादी कराच, पण ती स्वयंपाकघराच्या भिंतीवर सगळ्यांना दिसेल अशी लावा आणि प्रत्येक ओळीपुढे एकेकाचे नाव लिहा. मोठ्या आजारपणात तुम्ही महिनोन्महिने जे पेलले, त्याचा शीण आता निघतो आहे. संकट सरल्यावर माणूस ढिला पडतो तो त्यामुळेच. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड मात्र एकदा तपासून घ्या. रक्त कमी असेल तर कोणतीही युक्ती चालत नाही.

शरीराच्या बाबतीत थोडक्यात सांगतो, कारण हे आपण या सदरात पूर्वीही पाहिले आहे. अडचणीच्या दिवसांत माणूस नेमके उलटे करतो. जेवण टाळतो आणि चहा वाढवतो. तंबाखू, मिश्री वाढते. तिने क्षणभर बरे वाटते, पण नाडी वाढतेच. दुपारी चारनंतर चहा बंद करावा. रोज अर्धा तास भरभर चालावे, शक्यतो कोणाबरोबर तरी. चालता चालता माणूस जे बोलतो ते समोरासमोर बसून बोलत नाही. छातीत धडधडू लागले तर सावकाश श्वास घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा, मिनिटाला सहा श्वास होतील इतका, पाच मिनिटे. आणि शेजारच्याने दिलेली झोपेची गोळी घेऊ नये. तिची सवय लागते आणि मग ती सुटता सुटत नाही.

दोन ठिकाणी मात्र घरगुती उपायांवर थांबू नये. छातीत दुखणे, ते डाव्या हातात किंवा जबड्यात जाणे, दरदरून घाम, चालताना दम लागणे याला 'टेन्शन' म्हणून घरी बसू नका; आधी ई.सी.जी. काढा. तो चांगला निघाला तरी त्रास चालूच असेल तर परत जा. आणि दुसरे, दोन आठवडे सलग मन उदास, कशातच रस नाही, भूक आणि झोप बिघडलेली, 'माझा कोणाला उपयोग नाही' असे वाटणे, हे अडचणींच्या राशीपलीकडचे आहे. तो नैराश्याचा आजार असू शकतो. त्यावर गोळ्या आहेत. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत 'फरक नाही' म्हणून सोडू नयेत, आणि बरे वाटल्यावरही डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. नैराश्यावरच्या गोळ्यांचे झोपेच्या गोळ्यांसारखे व्यसन लागत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागाची चौकशी करावी.

घरातले कोणी 'आता सुटलो तर बरे' अशा भाषेत बोलू लागले, उधार-उसनवारी एकाएकी मिटवू लागले, वस्तू वाटून टाकू लागले, तर त्याला जवळ बसवून सरळ विचारावे, 'जीव द्यायचा विचार मनात येतो का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा समज खोटा आहे. उलट विचारल्यावर बहुतेकांना हायसे वाटते. फवारणीचे औषध घरात ठेवू नये. शेतावरच्या खोलीत कुलपात ठेवावे आणि किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. अशा माणसाला त्या रात्री एकटे सोडू नये. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक कापून कपाटाच्या दारावर चिकटवून ठेवा.

पुढच्या आठवड्यात पावसाळ्यातील पिण्याच्या पाण्याविषयी लिहीन. तुरटी फिरवली म्हणजे पाणी शुद्ध झाले, असे समजणारी पुष्कळ पत्रे आली आहेत.